मनकर्णाचा अडलेला घास

मी एक जुना, थकलेला स्नायू आहे. मनकर्णाबाईच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, कड्यासारखा वेढून बसलो आहे. मित्रांनो, तुमच्याही शरीरात माझा एक भाऊबंद आहे. आमची आठवण कुणी काढत नाही.

एरवी मी आवळून असतो, म्हणून जठरातलं आंबट पाणी वर येत नाही. घास गिळला की मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून खाली येतो. माझ्याजवळच्या बारीक चेतापेशी तो घेऊन मला सांगतात, 'सोड.' मी सैल होतो, घास उतरतो, मी पुन्हा आवळतो. निरोपाशिवाय सैल होणं मला जमत नाही.

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडची मनकर्णा तिथं मातीच्या टोपल्या वाही. नवरा टिकाराम तिथंच खलाशी, म्हणजे अवजड सामान उचलणारा मजूर होता. दुपारच्या सुट्टीत ती भराभर जेवून उठे. सोबतच्या बायका म्हणत, "इले तर दगडही पचंल." ते ऐकून मला बरं वाटे.

मग निरोप कमी झाले. चेतापेशी एकेक करून मरत होत्या. का, ते मला आजही ठाऊक नाही. घास येई आणि वरच थांबे. मनकर्णा उभी राहून तांब्याभर पाणी पिई, छाती दाबी, शेवटी घरामागे जाऊन सगळं ओकून टाके.

सासू पंचफुलाबाई दुखावल्या. "कावून टाकून राहिली वं? माझ्या हातचं गोड नाही लागत तुले?"

"तसं नाही, आत्याबाई. छातीतच अडकून राहते."

"नखरे आहेत!"

एका सकाळी त्या तिच्या मागोमाग गेल्या. जमिनीकडे वाकून बघितलं आणि लेकाला हाक मारली. "टिकाराम, हा रातचा भात आहे. शितं जशीच्या तशी. पोटात गेलाच नाही रे! मी उगाच बोलली पोरीले."

नागपूरला पांढरं औषध पाजून तिचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हा स्नायू सैलच होत नाही. कापावा लागेल." त्यांनी मला उभा चिरला. मला राग आला नाही. आवळून आवळून मी थकलो होतो.

काही दिवसांनी पंचफुलाबाईंनी तिला मऊ भाताचा घास भरवला.

"उतरला का वं?"

"उतरला, आत्याबाई."

त्यांनी लगेच दुसरा घास कालवला.

आता मला नीट आवळता येत नाही. आंबट पाणी वर येतं, म्हणून मनकर्णा उशाला गोधडीची घडी घेऊन झोपते. मित्रांनो, सावकाश चावून जेवा. आणि घरातलं कुणी रोज ताटावरून उठून बाहेर जात असेल, तर रागावण्याआधी त्याच्या मागे जाऊन बघा. पंचफुलाबाईंना घरामागे जायला दोन वर्षं लागली. तोवर मनकर्णा निम्मी उरली होती.