शालीखालचं पिल्लू

एलोदिया गेली, हे त्या घरात सगळ्यांत आधी मला कळलं. तिचा नवरा फौस्तिनो सकाळच्या बसने इस्पितळातून एकटाच परत आला. शेजारी दारात उभे होते, त्यांच्यामधून तो सरळ पुढे गेला. आत येऊन त्याने काखेतली तिची तपकिरी लोकरी शाल माझ्यात ठेवली आणि तो खुर्चीवर बसून राहिला. ती शाल मी आजवर फक्त तिच्या खांद्यांवर पाहिली होती.

मित्रांनो, मी एक जुनी लव्हाळ्याची टोपली आहे. आमच्या उआंचाको गावात समुद्राला लागून पाण्याचे खड्डे आहेत. त्यांत लव्हाळे वाढतात. कोळी ते कापतात, वाळवतात आणि त्यांच्या होड्या बांधतात. फौस्तिनोच्या एका होडीतून उरलेल्या काड्यांतून एलोदियाने मला विणलं. होडी दोन महिन्यांत कुजली. मी राहिले. आधी माझ्यात मासे असत, नंतर मक्याची कणसं. त्यानंतर दहा वर्षं माझ्यात सेनिसा होती.

सेनिसा ही आमच्या किनाऱ्यावरची बिनकेसांची कुत्री, विरिंगो जातीची. राखी रंगाची, अंगाने लहान, तोंडात दात मोजके. तिला हात लावला की चुलीशेजारच्या भांड्याला लावल्यासारखं वाटे. आमच्याकडे सांधे दुखणारी माणसं असा कुत्रा मांडीवर घेऊन बसतात. हिवाळ्यातलं धुकं आलं की एलोदियाचे गुडघे धरायचे. मग सेनिसा माझ्यातून उठायची आणि तिच्या गुडघ्यांवर पसरायची. येणारे जाणारे दोघींचं कौतुक करत, आणि जाता जाता माझंही.

सेनिसा म्हातारी होऊन मेली. एलोदियाला ते कधी पटलं नाही. असा कुत्रा माणसाचं दुखणं स्वतःच्या अंगात ओढून घेतो, असं आमच्याकडे मानतात. "माझं दुखणं घेऊन गेली ती," एवढंच ती म्हणाली. मला तिने दाराआड टांगलं. दोन वर्षं मी तिथेच होते. मला उचलायचा एक कान तुटला, तो कोणी पाहिलाही नाही.

मग शेजारच्या ग्रिमानेसाबाईकडे एकदम दोन कुत्र्या व्यायल्या, एक विरिंगो आणि एक पूडल. तिने एलोदियाला एक पिल्लू द्यायचं कबूल केलं. घरात वाद सुरू झाला.

"विरिंगोच आणू," फौस्तिनो म्हणाला. "तुझे गुडघे बघ जरा."

"नाही. पूडल आणायची. पांढरी, कुरळी. मी तिला लाल फीत बांधीन."

"फीत बांधशील गं, पण रोज विंचरणार कोण? ती वाळूत लोळली की अर्धा किनारा घरात येईल."

"तू विंचर, म्हाताऱ्या. तुझ्या स्वतःच्या डोक्यावर विंचरायला उरलंय काय?"

त्याने टकलावरून हात फिरवला आणि तो हसला. "आणि गुडघे कोण शेकणार?"

"तुझे हात आहेत की. पुन्हा एका मुक्या जिवावर मी माझं दुखणं घालणार नाही."

तिने फीत आणली. मला खाली काढलं, पुसलं, माझा कान बांधायला नवे लव्हाळे बादलीत भिजत घातले. दुसऱ्याच दिवशी तिच्या छातीत कळ आली. बादलीतलं पाणी आटलं आणि लव्हाळे वाळून गेले.

एलोदियासाठी नवव्या दिवसाची प्रार्थना झाली. त्यानंतर ग्रिमानेसाबाई ओच्यात दोन पिल्लं घेऊन आली.

"फौस्तिनो भाऊ, दोन्ही एक दिवस ठेव. कुठलं हवं ते सांग. एकही नको असेल तरी सांग. पण मी तिला शब्द दिला होता."

"काय सांगू, बाई? पूडल तिला हवी होती. विरिंगो मला हवं होतं, तेही तिच्या गुडघ्यांसाठी. मला माझ्यासाठी कुठे काय हवं होतं?"

"एक दिवस ठेव," असं म्हणून ती निघून गेली.

पूडल मोठी आनंदी होती. तिने घरभर फिरून घेतलं, फौस्तिनोच्या बुटाची नाडी चावली आणि त्याच्याच पायांवर झोप काढली. ती कुठल्याही घरात सुखी झाली असती. विरिंगोचं पिल्लू मात्र कोपऱ्यात थरथरत होतं. बाहेर धुकं होतं. शेवटी ते माझ्या तुटक्या बाजूने वर चढलं आणि थेट शालीखाली शिरलं.

नऊ दिवस त्या शालीला कोणी हात लावला नव्हता.

"ए! बाहेर नीघ! तिथे नाही!" फौस्तिनो ओरडत उठला. पिल्लाला काढायला त्याने शाल धरली आणि त्याचा हात तसाच थांबला. शाल उबदार होती. एलोदियाने आत्ताच खांद्यावरून काढून ठेवावी, तेवढी उबदार. तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि बराच वेळ त्याने हात काढला नाही.

सकाळी ग्रिमानेसाबाईने विचारलं, "मग, काय ठरलं?"

"हे राहू दे."

"आणि ही?"

त्याने पूडल तिच्या हातात दिली. पूडलच्या गळ्यात लाल फीत होती. "हिला रोज विंचरणारं घर बघ. मला दोरखंडाच्या गाठींशिवाय काही येत नाही."

"गाठ तरी कसली मारलीस, भाऊ! वादळात होडी सुटेल, ही सुटायची नाही." ती हसली आणि तिने डोळे पुसले. पूडल आता पाववाल्याच्या घरी आहे आणि तिचे केस रोज विंचरले जातात.

मित्रांनो, कुत्रा निवडताना आधी आपलं घर बघा. केसाळ जातीला रोज तुमचा वेळ लागतो. बिनकेसांच्या कुत्र्याला थंडीत पांघरूण लागतं आणि उन्हात सावली लागते. जे देता येणार नाही, ते कबूल करू नका. आणि जुन्या टोपल्या टाकू नका.

फौस्तिनोने नवे लव्हाळे भिजवले आणि माझा कान बांधला. जरा वाकडा आहे, पण घट्ट आहे. शाल माझ्यातच आहे आणि पिल्लू तिच्यात झोपतं. तो त्याला मासा भरवतो, अंगाला तेल लावतो. पिल्लू खुर्चीशी येऊन त्याच्या गुडघ्यावर पंजे ठेवतं, तेव्हा तो ते हलकेच खाली काढतो. "नको रे बाळा," तो म्हणतो. "माझ्याकडे ओढून घेण्यासारखं फार आहे."

त्याने त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही.