पॉलिश न वाळलेली खुर्ची

खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्याला मालक नव्हता. होते ते बारा भागीदार, आणि बाराही जणांचा वाटा सारखा. लाकूड कापणाऱ्याला जेवढा, तेवढाच भुसा झाडणारीला. बाहेरचे लोक म्हणायचे, बारा मालक म्हणजे बारा भानगडी. त्यात फारसं खोटं नव्हतं.

भानगडी निस्तरायला एक नियम होता, कारखाना उभा करणाऱ्या मास्तरांनी घालून दिलेला. कुठल्याही मोठ्या प्रश्नावर मत द्यायच्या आधी दोन बाजूंच्या दोघांनी समोरासमोर खुर्च्यांवर बसायचं, मग उठून जागा बदलायची आणि समोरच्याची बाजू आपली म्हणून मांडायची. समोरचा जोवर ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं म्हणत नाही, तोवर कुणी हात वर करायचा नाही. चहाची वेळ तीनची की साडेतीनची, यावर हे एकदा दोन दिवस चाललं होतं. ते दोन दिवस चहाच झाला नाही.

पॉलिशवाल्या ताईच्या हातून हा नियम आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही सख्ख्या भावाच्या वेळी.

भाऊ धाकटा. हातात कायम रंधा, म्हणून सगळे त्याला रंधाच म्हणत. इतरांच्या दोन खुर्च्या होईपर्यंत याच्या तीन व्हायच्या, आणि तिन्ही देखण्या. एकोणीस वर्षांपूर्वी तो बैठकीत म्हणाला, “जो जास्त चांगलं काम करतो, त्याला जास्त मिळायला हवं.” ताई विरुद्ध बाजूला होती. जागा बदलायची वेळ आली तेव्हा ती हसून म्हणाली, “याची बाजू मी काय मांडू? माझ्या कडेवर वाढलाय हा. याच्या पोटातलं याच्याआधी मला कळतं.” सगळे हसले. हात वर झाले, रंधा हरला. सोमवारी त्याचा एप्रन खुंटीवर होता आणि तो नव्हता.

त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा कारखाना काढला. जसं काम तसा मोबदला. कारखाना भरभराटीला आला. बहीण-भाऊ त्यानंतर भेटले ते लग्नांत नाहीतर मयतीला. “बरी आहेस ना?” “बरी आहे. तू?” “बरा.” एवढ्यावर संपायचं. ताई घरी येऊन त्याला सांगायच्या राहिलेल्या गोष्टी भांडी घासताना नळाला सांगायची.

आणि काम करताना ती त्याच्याशी भांडायची, मनातल्या मनात. पुष्कळदा हरायचीही. भोकं पाडायचं मशीन सगळ्यांचं, म्हणून त्याला तेल कुणीच घालत नव्हतं. दोन चांगले कारागीर कंटाळून रंध्याकडे गेले, त्यांच्या जागी नवे भागीदार घ्यावे लागले. खरंय रे तुझं, असं ती फडकं फिरवताना पुटपुटायची. मग तिचं लक्ष सरसकाकांकडे जायचं. सरसाने लाकडाचे सांधे जोडता जोडता काकांचे हात थरथरू लागले होते. आता ते कोपऱ्यात बसून स्क्रू निवडत आणि पूर्ण वाटा घेत, कुणाचेही उपकार न मानता. रंध्याच्या कारखान्यात अशा माणसाला सत्कार करून घरी बसवलं होतं. मग ताई पुन्हा आपल्या बाजूला यायची. पण कोण बरोबर, कोण चूक, ते जाऊ दे. तिला भाऊ हवा होता. तो समोरच्या बाकावर रंधा मारतोय आणि आपण ओरडतोय, ‘भुसा इकडे उडवू नकोस’, एवढंच हवं होतं.

आणि त्या हिवाळ्यात रंध्याचं पत्र आलं. दोन्ही कारखाने एक करू. नवी मशिनं आणू, बाराही जणांना काम देऊ, मोबदला मात्र कामाप्रमाणे. मी स्वतः रोज तिकडेच बसेन. ते शेवटचं वाक्य ताईने चार वेळा वाचलं. एक हात वर केला की भाऊ परत.

शनिवारी दुपारी मशिनं थांबली. रंधा आला. केस पांढरे, चाल तीच. खुर्च्यांचे नकाशे काढणारी मुलगी त्या दिवशी बैठकीची प्रमुख होती. तिने विचारलं, “नियम माहीत आहे ना तुम्हाला?”

“मला आहे,” तो म्हणाला. “ताईला विचार.”

कुणी हसलं नाही. दोघं समोरासमोर बसले, उठले, जागा बदलून पुन्हा बसले.

ताईच्या जागेवरून तो आधी बोलला. “माणूस आज चपळ असतो, उद्या नसतो. त्याचा वाटा हाताच्या वेगावर ठरवला, तर म्हातारपणाची भीतीच त्याला आधी म्हातारं करते. इथे सरसकाकांकडे कुणी घड्याळ लावून बघत नाही.” मग स्वतःचं म्हणून पुढे म्हणाला, “माझ्याकडे सगळे घड्याळाकडे बघतात. मीसुद्धा.”

“हो,” ताई म्हणाली. “हेच म्हणायचं होतं मला.”

आता तिची पाळी. एकोणीस वर्षांची तयारी होती. “मी मरमरून काम करायचं आणि जांभया देणाऱ्याने माझ्याएवढं न्यायचं, हा न्याय नाही. अशाने चांगलं करणाऱ्याचा उत्साहच मरतो.”

“नाही,” रंधा म्हणाला.

ताई गडबडली. तिने मशीनच्या तेलाचं सांगितलं, सोडून गेलेल्या कारागिरांचं सांगितलं.

“बरोबर आहे सगळं. पण मला हे म्हणायचं नव्हतं.”

तो खाली बघत होता. त्याचा अंगठा खुर्चीच्या हाताखालून हळूहळू फिरत होता. खुर्ची पुरी झाली की तो असाच अंगठा फिरवायचा, मग ती उचलून ताईपुढे आणून ठेवायचा आणि उभा राहायचा. आणि ती मान वर न करता म्हणायची, ठेव तिकडे, बाकीच्यांत.

ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ती त्याच्या जागेवर होती, त्याच्याच बाजूने बोलणं भाग होतं.

“ताई, मी खुर्ची करून तुझ्यापुढे ठेवायचो. इथे सगळं सारखं, म्हणून तू तिच्याकडे बघायचीही नाहीस. मला जास्त काही नको होतं गं. एकदा नुसतं म्हणायचं होतंस, की ही माझ्या भावाने केली आणि अशी दुसऱ्या कुणाला जमत नाही.”

रंध्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हो,” तो म्हणाला. “हेच म्हणायचं होतं मला.”

मग मतं पडली. पत्राच्या बाजूने पाच हात वर झाले. विरुद्ध सहा. ताईचा तेवढा राहिला होता. ताईने सरसकाकांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि आयुष्यात कधी जड झाला नव्हता इतका जड झालेला हात विरुद्ध बाजूने वर केला. बैठक संपली.

रंधा उठला. “बरी आहेस ना?” त्याने विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली. “थांब जरा. तू बसला होतास ती खुर्ची तुझी आहे. तू केलेली शेवटची. दर वेळी माल निघायचा तेव्हा मी सांगायची, हिचं पॉलिश वाळलेलं नाही.”

“एकोणीस वर्षं?” नकाशेवाल्या मुलीने विचारलं.

“आम्हीही मान डोलवायचो,” सरसकाका म्हणाले. “वाळत नाही काही काही पॉलिश.”

माल भागीदारांचा, म्हणून खुर्ची रंध्याला द्यावी का यावर रीतसर मत घेतलं. बाराच्या बारा हात वर झाले. या वेळी जागा बदलायचं कुणी नावच काढलं नाही.

रंध्याने खुर्ची उचलली आणि दारापर्यंत नेली. तिथे ती खाली ठेवून त्याने खुर्चीच्या हातावर बोट टेकवलं, बोटाकडे निरखून पाहिलं, आणि खुर्ची जिथून उचलली होती तिथे परत आणून ठेवली.

“अजून ओलं आहे गं ताई,” तो म्हणाला. “पुढच्या शनिवारी येऊन बघतो.”