पडद्याआड अडकलेली दुयुंग

साएनाबचं काम म्हणजे दिवसभर पाण्याकडे बघत बसायचं. बोंतोलाबूच्या खाडीत नव्या बंदरासाठी लाटा अडवणारा बांध घालणं चाललं होतं. बार्जवरची क्रेन एकेक धोंडा समुद्रात सोडायची. जवळपास कासव दिसलं किंवा दुयुंग, म्हणजे तळाचं गवत खाणारी समुद्रगाय दिसली, की साएनाबने लाल बावटा वर करायचा. बावटा उतरेपर्यंत काम बंद. बांधाला परवानगीच त्या अटीवर मिळाली होती.

त्यामुळे बार्जवर तिला कुणी विचारत नसे. "आली आपली अवदसा," क्रेनवाला सुप्रिह तिला ऐकू जाईल असं म्हणायचा. सगळे ताडपत्रीखाली कोंडाळं करून जेवत. ती टोकाला, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून भात नि सुकी मासळी खायची.

गावात तरी काय निराळं होतं? बांध उठत होता तो नेमका कोळ्यांच्या मासेमारीच्या पाण्यात. तिचा थोरला भाऊ रेवा याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. दोघांच्या घरांमध्ये एक बांबूचं कुंपण तेवढं. पण भाच्या आता "आत्या" म्हणून हाक मारत नव्हत्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही.

धोंडे पडले की गाळ उठतो. तो गवतावर बसू नये म्हणून बांधाभोवती पाण्यात जाड कापडाचा पडदा सोडलेला असे. एकदा वादळात तो एका बाजूने खाली गेला. सकाळी माणसांनी तो पुन्हा ताणून बांधला. थोड्या वेळाने साएनाबला पडद्याच्या आत एक नाकाड वर आलेलं दिसलं. शेजारी दुसरं, इवलंसं.

तिने बावटा वर केला.

"पुन्हा?" सुप्रिह ओरडला. "बाई, दुसरा उद्योग नाही का तुला?"

"आत माय-लेकरू अडकलंय."

"मग त्यांना सांग ना, दार तिकडे आहे म्हणून!" सगळे खो खो हसले.

मुकादमाने समुद्राकडची बाजू उघडून दिली. पण दुयुंग तिकडे फिरकेना. पिल्लाला कुशीला घेऊन ती नुसती गोल गोल फिरत राहिली. आत सगळा गाळ. खायला काडी नव्हती. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "दुपारपर्यंत थांबतो. मग वरच्यांना विचारून काम सुरू करणार. माझाही नाइलाज आहे."

साएनाब तडक किनाऱ्यावर गेली. रेवा जाळं शिवत बसला होता. थोरल्या भावाला ती दाएंग म्हणायची.

"दाएंग, दुयुंग अडकलीय. पिल्लू आहे सोबत. होड्या हव्यात."

त्याने मान वर केली नाही. "तुझ्या मालकांकडे नाहीत होय?"

"इंजिनाच्या आहेत. त्या आवाजाने ती उधळेल. पिल्लू मागे राहील."

तो गाठी मारत राहिला. ती बार्जवर परत गेली.

दुपार व्हायच्या आत डोंगराच्या टोकाआडून होड्या आल्या. इंजिनं बंद, नुसती वल्ही. सगळ्यांत पुढे रेवा. त्यांनी रांग धरली आणि ते वल्ह्यांनी पाणी हलकेच थोपटत दुयुंगला उघड्या बाजूकडे नेऊ लागले. तोंडाशी आल्यावर ती बुजली, वळली. रेवाने हात वर केला. सगळी वल्ही थांबली. मग दुयुंग सावकाश फिरली आणि पिल्लाला घेऊन बाहेर पडली.

सुप्रिहने शिट्टी मारली. माणसांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. साएनाब कठड्याशी धावली. "दाएंग! चहा तरी घेऊन जा!"

"तुझ्यासाठी नव्हतो आलो," तो म्हणाला आणि होडी वळवली.

"बावटा उतरव की आता!" वरून सुप्रिह ओरडला. तिने उतरवला. धोंडा पडला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कुंपणापलीकडे रेवा मुलींना सांगत होता: पिल्लू कसं आईला चिकटलं होतं, ती कशी बुजली, आपण कसा हात वर केला. मुली मध्येच हसत होत्या, पुढे काय झालं विचारत होत्या. साएनाब अंधार पडेस्तोवर कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. अडकलेली दुयुंग आधी कुणाला दिसली, ते त्याने सांगितलं नाही. मुलींनीही विचारलं नाही.

मग ती आत गेली आणि एकटीपुरता भात टाकला.