आम्ही येणार म्हणजे येणारच

जहाज ठरल्या दिवशी सुटणार, असा निरोप आला आणि दादाने चटका बसल्यासारखा फोन टेबलावर टाकला.

"काय रे, कोण गेलं?" मी विचारलं. मी त्याची धाकटी बहीण. खालच्या मजल्यावर राहते. चहाला मात्र वरच असते.

"सुटतंय गं," तो म्हणाला. "खरंच सुटतंय."

सहलीची बातमी इतक्या पडेल आवाजात सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

त्याचं असं झालं होतं. साथ यायच्या आधी, निवृत्तीच्या भरात, दादाने स्वतःसाठी आणि वहिनीसाठी समुद्रसफरीचं बुकिंग केलं. खिडकीवाली खोली, सगळं आगाऊ भरून. मग साथ आली, बंदरं बंद झाली आणि दादाची जायची हौसच फिटली. कंपनी तारीख पुढे ढकलायची, पण सफर रद्द काही करायची नाही. प्रत्येक वेळी विचारायची, तुम्ही येणार की रद्द करणार? यात मेख अशी होती की आपण रद्द केलं तर निम्मे पैसे बुडणार आणि कंपनीने केलं तर सगळे परत मिळणार.

दादाचा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलेला. आधी जो माघार घेतो त्याच्या हाती धुपाटणं येतं, एवढं शिक्षण त्याने तिथून घरी आणलं होतं. तेव्हा रद्द करील तर कंपनी, आपण नाही. बुकिंगवाल्या मुलीचा फोन आला की हा उठून उभा राहायचा.

"आम्ही येणार म्हणजे येणारच, मॅडम! माझ्या बायकोचं लहानपणापासूनचं स्वप्न आहे हो. चारी बाजूंनी नुसतं पाणी बघायचंय तिला. बिचारीने जन्मात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही!"

असं म्हणून माझ्याकडे बघून डोळा मारायचा. फोन ठेवला की म्हणायचा, "बघ आता, कंटाळून स्वतःच रद्द करतात की नाही." साथीत कोणाचं काही बिनसलं तर सोबत्याचं नाव विनाशुल्क बदलून मिळेल, अशी सवलतसुद्धा त्याने भांडून पदरात पाडून घेतली. जायचं नसलेल्या सफरीची सवलत! मला मजा वाटायची. त्याचं भाषण सुरू झालं की स्वयंपाकघरातला नळ बंद व्हायचा, हेही माझ्या लक्षात आलं होतं. वाटायचं, वहिनी आत तोंडाला पदर लावून हसत असणार.

ती आता हात पुसत बाहेर आली. "सुटतंय? मग स्वेटर काढून ठेवते. मागची तारीख थंडीतली होती ना, बॅगेत तेच भरलेत."

"बॅग?" दादा म्हणाला. "कसली बॅग?"

"तारीख बदलली की बदलते मी कपडे."



"अगं, वेडी की काय तू? आपल्याला जायचं कुठे होतं?" दादाने तिला सगळा डावपेच नीट समजावून सांगितला, वर थोडा रुबाबही केला. ती उभ्या उभ्या ऐकत होती.

"मग ते स्वप्न?"

"कुठलं?"

"माझं. फोनवर सांगायचात ते."

"ते होय! ते आपलं असंच. बोलावं लागतं गं."

वहिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मी कधी कोणाला बोलले नव्हते," ती म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं भांडं पडता पडता राहिलं. मी म्हटलं, यांना कसं कळलं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.  एवढ्या वर्षांत लोकांच्या हजार खोट्या दाव्यांतून एक खरा दादाने अचूक हुडकून काढला असेल. इथे स्वतःच्या तोंडून खरं निघत होतं आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. तीच मुलगी, नक्की करायला. दादाचा हात पोचायच्या आत वहिनीने उचलला.

"मी त्यांची बायको. हो हो, तीच, पाणी बघायचं असलेली. येणार ना. यांना मात्र जमायचं नाही, यांचा लसीचा दुसरा डोस राहिलाय."

तो खरंच राहिला होता. आम्ही दोघी घेऊन आलो तेव्हा हा म्हणाला होता, घाई काय आहे, आपल्याला कुठे जायचंय?

"नाव बदलून मिळतं ना? हो, त्यांनीच मिळवली ती सवलत."

"अगं, ऐक तरी!" दादाचा आवाज आता खरोखरच कापत होता. "बाहेर साथ आहे. बोटीवर तुला काही झालं तर?"

"तर तुम्ही दावा तपासा," वहिनी म्हणाली.

दादा मटकन खाली बसला. 

वहिनीने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"वन्सं, तुम्हाला बोट लागते का हो?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "कधी बसलेच नाही."