हजारावा भाजक

“बाकी किती?” सासऱ्यांनी खुर्चीतून विचारलं आणि सुनेच्या हातातली पेन्सिल थांबली. बाकी शून्य होती. तिने तिसऱ्यांदा मांडून पाहिलं, तरी शून्यच.

सासरे पाणीखात्यात मीटर वाचायचे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी एका गिरणीच्या मीटरवर त्यांना ७८९७६१८७ हा आकडा दिसला, तो डोक्यात बसला तो उठलाच नाही. दोनाने भाग जाईना, तीनाने जाईना, तेराने जाईना. ही मूळ संख्या असणार, एक आणि ती स्वतः सोडून कुणाच्या बापाला दाद न देणारी, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग चार वर्षं त्यांनी दोन, तीन, पाच अशा मूळ संख्यांचे अकराशेहून जास्त भाजक एकेक करून वहीत लावले. संगणक क्षणात सांगेल, असं मुलगा म्हणाला, तर म्हणे, मग तुझ्या वाटचं जेवूही दे त्यालाच. शेवटी शेवटी नजर पार गेली, पण वही पुरी झाली.

संख्या मूळ ठरवल्याबद्दल उद्या ग्रंथालयातली मंडळी त्यांचा सत्कार करणार होती. तिथे ठेवायला सून वही सुवाच्य अक्षरात उतरवत होती आणि उतरवता उतरवता पडताळत होती. ही दुर्बुद्धी आपल्याला कुठून सुचली, असं तिला आता झालं होतं.

हजारावा भाजक, ७९१९. त्या पानावर आकडा उतरवताना अंधूक डोळ्यांनी सासऱ्यांनी शतकाच्या जागच्या एकाचा नऊ केला होता. त्यांच्या पानावर बाकी होती आठशे; खरी बाकी शून्य, म्हणजे संख्या मूळ नव्हतीच.

उभ्या आयुष्यात या माणसाला कुणी हार घातला नव्हता.

“आठशे, बाबा.”

“छान. आणि भागाकार?”

“नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर.” भागाकार त्यांच्या आणि तिच्या मांडणीत तोच होता, त्यात लपवण्यासारखं काय?

पण सासऱ्यांना पडताळ्याची खोड. ते डोळे मिटून पुटपुटू लागले. दहा हजार पट म्हणजे सात कोटी एक्याण्णव लाख नव्वद हजार. त्यातून सत्तावीस पट वजा. कुठेतरी हातचा चुकू दे, असं ती मनात घोकत राहिली. या माणसाचा हातचा कधी चुकला नव्हता. ओठ नेमके ७८९७६१८७ वर थांबले.

“मग हे आठशे कुठे ठेवायचे, सूनबाई?”

सासऱ्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला होता, ते तिला बघवेना.

“माझं पान खोडू नकोस,” ते म्हणाले. “समोर बरोबर मांड. उद्या तेच पान उघडं ठेवायचं.”

“लोक हसतील, बाबा.”

“हसू देत. चुकलेलं रीडिंग मी कधी पुढे पाठवलं नाही.”

तिने मांडलं. मग त्यांचं बोट धरून शून्याच्या खाली टेकवलं आणि पेन हातात दिलं. त्यांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. ती पानावरून घसरून टेबलावर उतरली. तिने ती पुसली नाही.