पुसलेल्या बाटल्या

“फाटलं!” मॅडम ओरडल्या. डोळ्यांचं औषध नितळ व्हायला हवं होतं, त्याच्या बाटलीत नासक्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या होत्या.

दारात बाटलीमामा थबकले. या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं बाटल्या धूत होते. आपल्या काचेवर माशीसुद्धा पाय पुसून बसते, असं ते स्वतःच सांगत. मॅडमच्या औषधाबद्दल तर घरी त्यांच्या गप्पांना ऊत यायचा. “केसाच्या जाडीत हजारभर मावतील एवढे कण, आक्का, आणि प्रत्येकाच्या पोटात औषध! साधा थेंब आसवांबरोबर वाहून जातो. आमचे कण डोळ्यात बिऱ्हाड थाटतात. आठवडाभर हलायचं नाव नाही!”

“आमचे म्हणे! बाटल्या धुतोस तू,” थोरली बहीण म्हणायची. तिचा एक डोळा गेला होता, दुसरा त्याच वाटेवर होता. या औषधाच्या चाचणीत तिचं नाव लागलं होतं.

“सलग तिसरी खेप,” मोठे साहेब म्हणाले. “कृतीच चुकलीय. चाचणी रद्द करू या.”

मामांची नजर गुठळ्यांवरून बाटलीच्या काचेकडे गेली. धुतलेली काच पुसायची नाही, उपडी ठेवून वाळू द्यायची, हे नवख्यांना तेच दरडावून सांगत. पण या बाटल्या आक्काच्या औषधाच्या! म्हणून तिन्ही खेपांना त्यांनी घरचं मऊ फडकं आत घालून त्या लखलखीत केल्या होत्या. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर नाव शाबूत राहिलं असतं.

“साहेब, कृतीला बोल लावू नका. बाटल्या मी पुसल्यात. फडक्यानं.”

“मामा, तुम्ही?” मॅडमना खरं वाटेना.

“मीच. धागे राहिले असतील, फडक्याचा तेलकटपणा लागला असेल. त्याला धरूनच गुठळ्या झाल्या. दुसऱ्या कुणी केलं असतं तर कान उपटला असता मी त्याचा.”

“नोकरीवर येईल हे,” साहेब म्हणाले.

“येऊ द्या. आधी एक खेप धुऊ द्या.”

मामांनी बाटल्या धुतल्या. एकेक तिरकी धरली. पाणी कुठेही थेंब न सोडता एकसंध पडद्यासारखं उतरलं. मग त्या उपड्या ठेवून, हात पाठीमागे बांधून, दिवसभर राखणीला बसले. जवळून जाणाऱ्यालाही म्हणत, “श्वास तिकडे सोडा!”

दुसऱ्या दिवशी औषध इतकं नितळ झालं, की बाटलीपलीकडच्या घड्याळाचे काटे दिसले. साहेबांनी नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

चाचणीच्या दिवशी आक्कानं बाटली उरल्या डोळ्याला भिडवली. “चिठ्ठीवर मॅडमच्या सहीखाली ही वाकडी सही कुणाची रे?”

“त्यांनीच करायला लावली.”

“म्हणजे... तुमचंच की रे हे औषध!”

जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या मामांचे डोळे भरून आले. हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

त्यांनी ते तसेच वाळू दिले.