कोंडामावशी पाण्यावर निघाली तेव्हा

मित्रांनो, मला पाहिल्यावर पहिला घोळ होतो तो नावाचा. कोणी मला बूट म्हणतं, कोणी जाडजूड मोजा. स्पंजासारख्या रबराचं माझं अंग आहे, खाली पातळ पण चिवट तळवा आहे आणि घोट्यापाशी एक चेन आहे. थंड पाण्यात पाय उबदार ठेवायचे, एवढंच माझं काम. आम्ही अर्थातच दोघं आहोत, पण डावा अबोल आहे, म्हणून बोलणं माझ्याकडे आलं.

कारखान्यात माझी शिवण पूर्ण झाली तेव्हा एका बाईने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि समाधानाने मान हलवली. ते पहिलं कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे. पुढे हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या वेदांतने मला विकत घेतलं. तो हौशी माणूस. भर एप्रिलच्या उन्हात मला पायात चढवून तो मुळशीच्या तळ्यावर आला. दुपारपर्यंत त्याचे पाय घामाने चिंब झाले. "कसले हे बूट!" असं म्हणून त्याने मला काठावरच टाकलं आणि अनवाणी गाडीत जाऊन बसला. मला वाईट वाटलं, पण रागावू तरी कसा? उन्हाळ्यात स्वेटर घालून कोणी सुखी होतं का?

काठावर रोहिणीची छोटी शेड होती. रोहिणी मूळची लातूरकडची. ऑफिसातली नोकरी सोडून तिने इथे कयाक भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. कयाक म्हणजे लांबट, निमुळती नाव. रोहिणीच्या नावा वल्ह्याने नव्हे, तर सायकलसारखं पायडल मारून चालायच्या. तिने मला उचललं, शेडमधल्या खिळ्याला टांगलं आणि कामाच्या गडबडीत विसरून गेली. दोन पावसाळे गेले. डाव्याच्या पोटात पालीने अंडी घातली. तो तेव्हाही काही बोलला नाही.

मग जानेवारीतली ती सकाळ उजाडली. तळ्यावर धुकं इतकं होतं की पलीकडचा डोंगर कोणी पुसून टाकला असावा असं वाटत होतं. शेडच्या दारात कोंडामावशी उभी होती. कोंडाबाई शेजारच्या वाडीतली. रोहिणीकडे येणाऱ्या पाहुण्यांना ती चुलीवरचं जेवण रांधून घालायची. त्या दिवशी मात्र तिच्या हातात पळी नव्हती. डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

"रोहिणी, माजी सोनम बाळंत झाली. पोरगी झाली," ती म्हणाली. "दिवस भरायच्या आदीच कळा आल्या. माहेरी आणायचं ऱ्हाऊनच गेलं. आज पाचवी हाय. मला पल्याड जायचंय."

सोनमचं सासर तळ्याच्या पलीकडच्या काठावर होतं. रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता आणि पलीकडे नेणाऱ्या लाँचचं इंजिन बिघडलं होतं. पाचवीच्या पूजेला बाळाची आजी नाही, ही कल्पनाच मावशीला सोसवत नव्हती.

तिच्यामागून तिचा नवरा भिवाजी आला. "येडी झालीस का? भात झोडताना खांदा धरला तवापासनं तुजा उजवा हात वर हुईना. वल्हं कसं मारशील?"

"हातानं न्हाई, पायानं चालतीया ती नाव! आन् पाय माजं अजून डोंगर चढत्यात."

रोहिणीने आकाश पाहिलं, वारा पाहिला. "धुकं विरलं की निघू, मावशी. दोघींची नाव घेऊ, मी पुढे बसते. लाइफ जॅकेट आहे. पण पायात काय घालणार?"

मावशीने आपल्या पायांकडे बघितलं. पाय रुंद, बोटं फाकलेली, टाचा थंडीने उललेल्या. "चपला हायेत की."

रोहिणीने नाव काठावरच टेकवून तिला बसवलं. मावशीने जोरात पायडल मारलं, तशी एक चप्पल उडून भिवाजीच्या छातीवर आदळली. अनवाणी पायांनी मारायला गेली, तर थंडगार प्लास्टिक भेगांना झोंबलं. भिवाजीला तेवढ्यात आपले शेतातले गमबूट आठवले. तो ऐटीत घेऊन आला. "ह्यात पान्याचा थेंब शिरायचा न्हाई!"

"वरून शिरला तर?" रोहिणीने विचारलं आणि मावशीला गुडघाभर पाण्यात उभं केलं. गमबूट गळ्यापर्यंत भरले. मावशी पाय उचलायला गेली, पाय उचलेना, आणि ती धपकन पाण्यात बसली. भिवाजी धावला, पण हसू आवरेना म्हणून तोही तिच्याशेजारी बसला. काठावर आल्यावर दोघं कुडकुडत होती आणि तरी हसत होती. रोहिणीने चुलीत लाकडं सारली. मावशी वाळलं लुगडं नेसून आली. रोहिणीने स्वतःचे पळायचे बूट पुढे केले. ते तिच्या रुंद पावलांना अर्ध्यातच अडले. शिवाय त्यांची लेस पायडलात अडकायची भीती होती.

हळूहळू मावशीचा चेहरा उतरला. डबा तिने मांडीवर घट्ट धरला होता. "जाऊ दे, पोरी. व्हिडिओवर बघीन नात," ती म्हणाली.

तेव्हा रोहिणीची नजर खिळ्याकडे गेली.

मित्रांनो, माझ्या छातीत तेव्हा काय झालं म्हणून सांगू! तिने आम्हाला काढलं, झटकलं, धुतलं, चुलीच्या धगीपासून लांब धरून पुसलं. भिवाजी लोकरीचे मोजे घेऊन आला. "हे आतनं घाल, लई ऊब लागंल." घातले, तर मी आवळून बसलो.

"नको," रोहिणी म्हणाली. "बूट पाय आवळायला लागला की रक्त फिरत नाही, उलट पाय गार पडतो. मोजे काढा. आता बोटं हलवून बघा."

मावशीने बोटं हलवली. वेदांतच्या मापाचा मी, त्या रुंद पावलाला अगदी हवा तेवढा होतो. टाच हलत नव्हती, बोटांना मात्र ऐसपैस जागा होती. मग रोहिणीने तिला पुन्हा पाण्यात उभं केलं. थोडंसं पाणी माझ्यात शिरलं आणि मावशी किंचाळली. पण थोड्याच वेळात ते पाणी तिच्या पायांनीच कोमट केलं, आणि मी ते बाहेर जाऊ दिलं नाही. ती थबकली. पायांकडे बघत हसली. "आगं, ह्यात तर चूल पेटलीया!"

धुकं विरलं आणि आम्ही निघालो. मावशीचे पाय असे फिरू लागले की रोहिणीला पुढून सांगावं लागलं, "मावशी, दमानं!" माझा तळवा पातळ असल्यामुळे तिला पायडल नीट कळत होतं. पाण्यावरून बदकं उडाली. मावशी जात्यावरची एक ओवी म्हणू लागली. आयुष्यभर जे तळं तिने काठावरून पाहिलं, त्याच्या मधोमध ती होती.

पलीकडच्या काठाजवळ पायडलने हलणारी नावेखालची पाती चिखलात रुतली. पुढे सरकेना. दोघींना उतरावं लागलं. मांडीपर्यंत गार पाणी, खाली घसरडे दगड, जुन्या झाडांचे टोकदार खुंट. एक खुंट डाव्याच्या टाचेत घुसला. डावा फाटला, पण मावशीच्या पायाला ओरखडासुद्धा उठला नाही. चिखलाने मला ओढलं. मी घोट्याला चिकटून राहिलो. मावशी डाव्या हाताने डबा डोक्यावर धरून ताठ चालत होती, आणि काठावर बायका गोळा होऊन बघत होत्या.

"आये!" घराच्या दारातून सोनम ओरडली. "तू पान्यातनं आलीस?"

"मग काय उडून येऊ?" मावशी म्हणाली, आणि रडू लागली.

ओट्यावर तिने आम्हाला काढलं. सोनमच्या सासूने ऊन पाण्याचं घंगाळ पुढे केलं, मावशीचे पाय हातात घेतले आणि चकित झाली. "विहीणबाई, तुमचं पाय तर माज्यापरीस उबदार हायेत!" पाय धुऊन मावशी आत गेली. पूजा मला दिसली नाही. ऐकू मात्र आलं. एक इवलासा आवाज, आणि त्यावर सगळ्या बायकांचं एकदम हसणं.

आता पूल सुरू झाला आहे. तरी मावशी थंडीत नावेनेच जाते, आणि वाडीतल्या आणखी दोघीतिघी पायडल मारायला शिकल्या आहेत. डाव्याला भिवाजीने पंक्चरवाल्याकडून ठिगळ लावून आणलं. त्यानंतर डावा माझ्याशी एकदाच बोलला. म्हणाला, "बरं झालं, तिच्याऐवजी मला लागलं."

मित्रांनो, थंडीत पाण्यावर जाणार असाल तर बूट डोळ्यांनी निवडू नका. पायात घाला, बोटं हलवा, काठाजवळच्या पाण्यात उभे राहा, मगच निघा. परत आलात की आम्हाला गोड्या पाण्याने धुवा, उलटं करून सावलीत वाळवा. आणि तुमच्या घरात कुठे एखादी जोडी खिळ्याला लटकत असेल, तर ती काढून कोणाच्या तरी पायांना विचारा. पलीकडे कोणीतरी वाट बघत असतं.